पंचेचाळीस पोरांचा करार

जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात दोन शिक्षक पळाले. ‘पळाले’ हा शब्द शाळा चालवणाऱ्या फादर अनाक्लेतोंचा. खरं म्हणजे पळण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिसरीच्या एका बाई अमेरिकेत कुठल्याशा वाळवंटी गावात शिकवायला गेल्या, आणि पाचवी ‘ब’चा तरणा मास्तर सरकारी शाळेवर लागला. तिथं पगार बरा, शिवाय म्हातारपणाची सोय. ज्याला दार दिसलं तो बाहेर पडला. बाकीचे चर्चच्या शाळेत राहिले. त्यांत रोसाल्या पाबालिनास होती.

रोसाल्याकडे पाचवी ‘अ’. सोमवारी ती वर्गावर आली तर ‘ब’ची सगळी एकोणीस पोरं दप्तरं छातीशी धरून भिंतीला टेकून उभी. चर्चमधले जुने लांब बाक आणून मागं दाटीवाटीनं लावलेले. तिघांच्या बाकावर पाच जण, दोघं खिडकीच्या कठड्यावर. तिनं पोरं मोजली. चौसष्ट भरली.

ऑफिसातली मिस प्युरिता दारातूनच म्हणाली, “फादर म्हणाले, नवीन बाई मिळेपर्यंत जरा सांभाळून घ्या.”

“शोधायला कोण गेलंय नवीन बाई?”

“ते मला काय माहीत, बाई? मी निरोप्या.”

पावसाचे दिवस. वर पत्रा. सर सुरू झाली की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा नाही. रोसाल्या घसा ताणून अपूर्णांक शिकवायची. बाकांच्या मधून जायचं तर खेकड्यासारखं आडवं सरकावं लागे, म्हणून मागच्या दोन रांगांपर्यंत ती पोचायचीच नाही. मागची पोरं तिच्याकडं बघायची आणि ती त्यांच्याकडं, नदीच्या दोन काठांवरून बघावं तशी.

आणि दुसरी गोष्ट बोलायची नव्हती. शिक्षकांचा संडास आवाराच्या पार पलीकडे, चर्चच्या मागं. पूर्वी सकाळी एक आणि दुपारी एक तास मोकळा असायचा, तेवढ्यात जाऊन येता यायचं. आता मोकळा तास गेला. मधल्या सुट्टीत डबे, भांडणं, फुटलेले गुडघे. आणि वर्ग एकटा सोडून जायचं नाही, असा फादरांचा कडक नियम. एकदा बाई नसताना एक पोरगा खिडकीतून पडला होता, तेव्हापासूनचा. मग रोसाल्यानं सोपा उपाय काढला. सकाळी घरून निघाल्यापासून पाणी प्यायचंच नाही.

जुलै निम्मा सरला तोवर तिची ओटीपोटाची दुखणी सुरू झाली.

*

घरी मेलेला हंगाम चालू होता. साखर कारखान्याची धुराडी गळीत संपली की थंड होतात ती पार ऑक्टोबरपर्यंत, आणि त्या काळाला नेग्रोस बेटावर सगळे मेलेला हंगामच म्हणतात. तिचा नवरा एलिसेओ कारखान्यात बॉयलरवर. आता तो दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायचा आणि संध्याकाळी उसाच्या पात्यानं चिरलेले हात मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचा. पोरगी मायलिन चौथीत, त्याच शाळेत. आणि सासू, एस्तिंग म्हातारी, जिच्या नजरेतून माशी सुटत नसे.

“लघवीला जळतंय न्हवं तुला?” म्हातारीनं एके संध्याकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या विचारलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं, नानाय?”

“सांगायला कशाला पायजे? आत जातीस अन् भिंत धरून उभी ऱ्हातीस. मला ऐकू येतंय की. बांबूची भिंत हाय, बँकेची न्हाई.”

म्हातारीनं मक्याच्या कणसाचे केस उकळून तो काढा तिच्यापुढं ठेवला. एलिसेओ उठला, कोयता कमरेला अडकवून नारळावर चढला आणि तीन शहाळी खाली टाकली. पहिलं त्यानं स्वतः फोडून तिच्या हातात दिलं.

“उद्या जाऊ नको,” तो म्हणाला.

“मी नाही गेले तर चौसष्ट पोरं तिसरीच्या जेसाच्या वर्गात घालतील. तिच्याकडं आधीच अठ्ठावन्न चिल्लीपिल्ली आहेत.”

“मग करार कशाला केलाय तुम्ही लोकांनी? आमच्या कारखान्यात एका बॉयलरला दोन माणसं लिहिलीत तर दोनच. एक कमी असला तर आम्ही आगच पेटवत नाही.”

“बॉयलर रडत नाही, सेओ. पोरं रडतात.”

“बॉयलर फुटतो,” एलिसेओ म्हणाला, आणि हात परत मिठाच्या पाण्यात घातले.

*

करार होता. काही वर्षांपूर्वी शिक्षकांनी फाटकाबाहेर भर पावसात उभं राहून तो मिळवला होता. तेव्हा मायलिन रोसाल्याच्या पोटात होती. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं: एका वर्गात पंचेचाळीसपेक्षा जास्त मुलं असणार नाहीत, आणि प्रत्येक शिक्षकाला सकाळ-दुपार एकेक तास मोकळा राहील. या वर्षी त्या कराराची मुदत संपत होती. नव्या कराराचा मसुदा फादरांनी पाठवला तेव्हा ती ओळ जशीच्या तशी होती. फक्त एक शब्द वाढला होता: शक्यतो.

शिक्षक संघाचे अध्यक्ष गालेगो सर. सहावीला गणित शिकवायचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि स्वभाव असा की रस्त्यात कुत्रं झोपलेलं दिसलं तर स्वतः वळसा घालतील. त्यांनी रोसाल्याला बरोबर घेतलं आणि दोघं फादरांकडं गेले.

फादर अनाक्लेतो गोरेगोमटे, मृदू बोलणारे. चार भाषा येणारे. कुणाचं बारसं असो की मयत, डोक्यावर हात ठेवायला हजर. त्यांनी दोघांना कॉफी दिली. रोसाल्यानं कपाला हात लावला नाही.

“एका शब्दानं काय होतं?” फादर म्हणाले. “आज माणसं मिळत नाहीत. मी काय शिक्षक मातीचे करू? शाळा म्हणजे एक कुटुंब, बाई. घरात पोरं वाढली म्हणून आई कधी करार काढून दाखवते का?”

“नाही दाखवत,” रोसाल्या म्हणाली. “पण घरातल्या आईला परसाकडं जायला कुणाची परवानगी लागत नाही, फादर.”

टेबलाखालून गालेगो सरांनी तिच्या पायावर पाय दिला. फादरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी कॉफी ढवळली, साखर विरघळून गेली तरी ढवळत राहिले.

“मी प्रार्थना करीन,” ते म्हणाले.

बाहेर आल्यावर गालेगो सर कळवळून म्हणाले, “असं बोलतात का, पोरी? त्यांच्यापुढं? तो शब्द?”

“मग त्याला दुसरा शब्द काय आहे, सर?”

गालेगो सरांनी छत्री उघडली.

*

ऑगस्टातल्या एका गुरुवारी तिच्या अंगात ताप होता. शिक्षकांचा गुरुवारचा गणवेश फिकट निळा. सकाळपासून कंबरेत कुणीतरी सुई फिरवत असल्यासारखं होत होतं. फळ्यावर ती छेद समान करायचं उदाहरण सोडवत होती आणि वर पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. घंटेला अजून अवकाश होता. तिनं मांड्या आवळल्या. खडू मोडला. दुसरा घेतला.

मग तिच्या हातात काही राहिलं नाही.

पायांवरून ऊन ऊन ओघळ मोज्यांत उतरला. आणि नेमका तेव्हाच पाऊस थांबला. वर्गात अशी शांतता पडली की बुटातून फरशीवर पडणारा थेंब ऐकू यावा. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग पुढं कुणीतरी. मग सगळाच वर्ग, कारण पोरं ती पोरंच.

रोसाल्या वळली नाही. तिनं उदाहरण पुरं केलं. खाली रेघ मारली, उत्तर लिहिलं, त्याभोवती चौकट काढली. मग फळ्याला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, “लिहून घ्या.” आवाज कापला नाही. पोरांनी लिहून घेतलं. मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, ओल्या मोज्यांत, आणि एकेका पोराच्या डोळ्यांत बघत राहिली. शेवटी हसणारी पोरंच खाली बघू लागली.

गावाला कळायला संध्याकाळही व्हावी लागली नाही. मायलिन रडत घरी आली. चौथीतल्या पोरांनी तिच्या बाकावर पाणी ओतून ठेवलं होतं. म्हातारीनं नातीला मांडीवर घेतलं आणि त्या पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

शनिवारी रोसाल्या मुद्दाम बाजारात गेली. तोंड लपवलं की लोक ते शोधत येतात, हे तिला माहीत होतं. शेवग्याचा पाला घ्यायला ती ओफेलियापाशी थांबली. ओफेलिया उसात राबणारी, दंडानं पुरुषाला भारी, तोंडानं दोन पुरुषांना. तिचा पोरगा नेस्टर पाचवीतच, मागच्या बाकावर.

“काय बाई,” ओफेलिया बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, “आवंदा पाऊस वर्गातबी पडतोय म्हनं?”

शेजारची मासेवाली पदर तोंडाला लावावा तसा हात लावून हसली. आजूबाजूचे चार जण हसले.

“पडतो ना,” रोसाल्या म्हणाली. “एका खोलीत चौसष्ट पोरं कोंबली की कुठूनतरी गळणारच. दोन जुड्या दे.”

ओफेलियाचं हसू जागच्या जागी थांबलं. “चौसष्ट? आमच्या नेस्टरनं सांगितलं न्हाई.”

“त्याला मोजायला शिकवायला मी पोचलेच नाही अजून. सुटे दे.”

*

डॉक्टरनं गोळ्या दिल्या, झोपून राहायला सांगितलं. ती झोपली. तिच्या वर्गाला कुणी नव्हतंच. पोरं नुसती बसवून ठेवलेली होती. ती परत कामावर आली तेव्हा मिस प्युरितानं तिला ऑफिसच्या दारात गाठलं आणि खाकी कागदात बांधलेलं एक पुडकं हातात दिलं. प्युरिताची नजर जमिनीवर.

“फादरांनी शहरातून मागवलंय. तुमच्यासाठी. दवाखान्यात मोठ्या माणसांना... म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांना बांधतात ना, ते. फादर म्हणाले, लाजायचं कारण नाही. तेवढीच तुमची अडचण दूर होईल.”

रोसाल्यानं कागदाचं एक टोक फाडून आत बघितलं. तिला वाटलं होतं आपण रडू. रडू आलं नाही. पायाच्या नखापासून काहीतरी चढत वर आलं आणि डोक्यात स्वच्छ उजेड पडल्यासारखं झालं. फादरांनी तिचा विचार केला होता, खरोखरच केला होता, आणि विचार करून करून ते इथवर पोचले होते. शिक्षक शोधण्यापेक्षा हे स्वस्त होतं.

“प्युरिता, हे परत ने,” ती म्हणाली. “म्हणावं, माप चुकलंय. ज्यांनी मागवलं त्यांना बसतं का बघा.”

“बाई! मी असं कसं सांगू?”

“तूच म्हणालीस ना, तू निरोप्या.”

त्या दिवशी सकाळी तिनं घरून निघताना तांब्याभर पाणी पिऊन घेतलं होतं. डॉक्टरचं सांगणंच होतं तसं. दुसरा तास अर्धा झाला तेव्हा तिनं खडू खाली ठेवला आणि हात झटकले.

“शाळेचा नियम काय रे? वर्ग एकटा सोडून बाईनं कुठं जायचं नाही. बरोबर?”

“बरोबर, बाई!”

“मग मी नियम मोडणार नाही. उठा. दोन-दोनची रांग. दप्तरं डोक्यावर धरा, बाहेर पाऊस आहे. मला संडासला जायचंय.”

पोरांना आधी खरं वाटेना. मग चौसष्ट पोरांची रांग वर्गातून निघाली, व्हरांडा उतरली आणि चिखलातून आवार ओलांडू लागली. वाटेत फादरांचं ऑफिस. त्याच्या पडवीत तिनं पोरांना ओळीनं बसवलं, आडोशाला.

“सातचा पाढा. मला तिकडं ऐकू आला पाहिजे. चुकलात तर पहिल्यापासून.”

आणि ती गेली. फादर फोनवर बिशपसाहेबांच्या माणसाशी बोलत होते. खिडकीखाली एकदम चौसष्ट गळे फुटले: सात एके सात, सात दुणे चौदा. फादरांनी एका कानात बोट घातलं, मग फोन ठेवून बाहेर आले. तोवर रोसाल्या पायवाटेवरून शांतपणे परत येत होती, छत्री मिटत.

“हे काय चाललंय, बाई?”

“पाढे, फादर. सात नवे त्रेसष्टला अडखळतात अजून.”

“इथे? माझ्या दारात?”

“वर्ग सोडायचा नाही हा तुमचा नियम. मोकळा तास हा करारातला नियम. मला दोन्ही पाळायचे तर आवार ओलांडूनच जावं लागतं. वाटेत तुमचं दार येतं, त्याला मी काय करू?” मग पोरांकडं वळून, “चला रे. रांग.”

दुपारी ती पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशी तिच्यामागून जेसा निघाली, तिसरीची अठ्ठावन्न चिमणी पोरं घेऊन, एकमेकांच्या सदऱ्याचं टोक धरून चालणारी. त्यांना पाढे येत नव्हते म्हणून त्यांनी कोंबड्याचं गाणं म्हटलं. मग पहिलीच्या, मग चौथीच्या बाई. आठवडा संपेपर्यंत आवारात असा एक तास जात नव्हता की कुठलातरी वर्ग चिखल तुडवत संडासाकडं चालला नाही. सगळ्यात शेवटी, कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं, गालेगो सर सहावी घेऊन निघाले. मान खाली घातलेली, पण चाल सरळ. फादरांच्या खिडकीसमोर आले तेव्हा त्यांनी हॅट काढून अभिवादन केलं. सवयच होती.

*

सोमवारी रोसाल्याला निलंबनाचं पत्र मिळालं. शिस्तभंग, मुलांना पावसात भिजवणं, वरिष्ठांचा उपमर्द. दोन आठवडे शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही आणि त्या दिवसांचा पगार नाही.

घरी बसून राहणं तिला जमणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती एलिसेओबरोबर उसात खुरपायला गेली. डोक्याला फडकं, त्यावर टोपी, एलिसेओचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा. तासाभरात बोटांना फोड आले. पात्यांची कूस मानेत शिरली. खडूची सवय झालेला हात खुरप्याला धरवेना. मुकादम दोनदा येऊन तिची सरी बघून गेला.

शेजारच्या सरीत ओफेलिया होती. ती एक सरी संपवून दुसरीत अर्ध्यावर यायची तेव्हा रोसाल्या पहिलीच्या मध्यावर असायची.

“असं उपटू नगा. मुळापाशी घाला खुरपं, अन् मनगट वळवा.” मग थोडं थांबून, “मागं बाजारात म्या बोलले ते...”

“बोललीस ते बोललीस.”

“इथं कसं हाय, बाई. लागली की दोन सऱ्या आत जायचं. मुकादमबी तोंड फिरवून उभा ऱ्हातो. तुमच्या फादरपरास आमचा मुकादम देवमाणूस म्हनायचा.” ती हसली, आणि लगेच तिचा चेहरा बदलला. खुरपं थांबलं. “एक इचारू? त्या चौसष्टांत माझ्या नेस्टरकडं कवा बघत व्हता तुमी?”

रोसाल्याला खोटं बोलता आलं असतं. पालकसभेत ती कितीदा बोलली होती: हुशार आहे, जरा लक्ष दिलं पाहिजे.

“बघत नव्हते,” ती म्हणाली. “शाळा उघडल्यापासून त्याची वही मी एकदाही हातात धरली नाही. तो मागं बसतो. मागं जायला वाटच नाही.”

ओफेलियानं खुरप्याची मूठ आवळली. तिच्या जबड्याचं हाड हललं. रोसाल्याला वाटलं, ही आता खुरपं फेकून मारणार.

“आमी फी भरतो,” ओफेलिया शेवटी म्हणाली. “ह्या मेलेल्या हंगामातबी भरतो. पोराला नुसतं बसवून ठिवायला न्हाई.” आणि खाली वाकून तिनं असं तण उपटायला सुरुवात केली की मुळासकट माती उडाली.

तिकडं शाळेत फादरांनी गालेगो सरांना बोलावून सांगितलं की पाचवीही आता तुम्हीच बघा, सहावीबरोबर. मधलं दार उघडं ठेवा, दोन्हीकडं लक्ष राहील. गालेगो सर जन्मात पहिल्यांदा नाही म्हणाले. नंतर त्यांनीच सांगितलं की तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा आपण मागं वळून बघितलं, दुसरं कुणी बोललं की काय. त्याच संध्याकाळी त्यांच्या घराच्या अंगणात शिक्षक जमले. संपाचा प्रस्ताव मताला टाकला. दोन सोडून सगळे हात वर गेले. त्या दोघांनीही नंतर फाटकापाशी खुर्च्या आणून दिल्या.

*

फाटकाबाहेर निळी ताडपत्री बांधली. पाऊस साचून तिला पोट आलं की एलिसेओ बांबूनं ढोसून पाणी उडवून द्यायचा. गालेगो सरांनी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘शक्यतो’ नको. येणारा-जाणारा विचारायचा, म्हणजे काय? मग सर समजावून सांगायचे, गणित समजावतात तसं.

“समजा मी तुम्हाला म्हटलं, तुमचा पगार शक्यतो शनिवारी देईन.”

“हां!” माणूस म्हणायचा. एवढं पुरे व्हायचं.

फादरांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या भोंग्यावरून सांगितलं की काही जणांच्या हट्टापायी तुमच्या लेकरांचं नुकसान होतंय. फाटकापाशी पालकांची गर्दी झाली. काही जण चिडलेले होते. एक तीनचाकीवाला ओरडला, “ह्यांना मुतायला जायला वेळ पायजे म्हणून आमची पोरं घरी!”

रोसाल्या उभी राहिली, पण तिच्या आधी ओफेलिया पुढं आली. डोक्यावर उकडलेल्या रताळ्यांचं पातेलं. ते तिनं ताडपत्रीखाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून त्या माणसाकडं वळली.

“तू किती माणसं घेतोस रं तुझ्या गाडीत?”

“सहा.”

“धा बसवली तर?”

“गाडी उलटल.”

“अन् मग डायवरला शिव्या घालशील का बसवणाऱ्याला?” तिनं फाटकाच्या आत बोट दाखवलं. “माझं पोरगं मागच्या बाकावर बसून बसून मुकं झालंय. बाईनं मला तोंडावर सांगितलं, तुझ्या पोराकडं बघाय मला जमलं न्हाई. आजवर कुनी सांगितलं असं? गोडगोड बोलून फी घेतात समदे. नवी बाई येईस्तोवर माझा नेस्टर ह्या फाटकातनं आत जायचा न्हाई. ज्याला पाठवायचंय त्यानं पाठवा.”

तीनचाकीवाल्यानं पातेल्यातलं एक रताळं उचललं, सोललं आणि उभ्या उभ्या खाल्लं. दुसऱ्या दिवशी शाळेत मोजकीच पोरं गेली. तिसऱ्या दिवशी एकही नाही.

संप लांबला. घरी डुकरीण होती, डिसेंबरच्या सणासाठी राखलेली. ती विकली. म्हातारी तिला रोज पेंड घालायची. विकली त्या दिवशी ती घराच्या मागं जाऊन बसली आणि जेवायला आली नाही. मात्र रोसाल्याला एका शब्दानं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फाटकावर स्वतः येऊन बसली, मक्याच्या केसांचा काढा किटलीत घेऊन, आणि जाणाऱ्या येणाऱ्या बायांना पाजत राहिली.

शेवटी वरून, बिशपसाहेबांकडून, माणूस आला. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि एका दिवसात मिटवलं. दोन नवे शिक्षक घ्यायचे. बदलीला फिरती बाई एक ठेवायची, म्हणजे प्रत्येकाला सकाळ-दुपार उसंत. पंचेचाळीसची ओळ जशीच्या तशी. ‘शक्यतो’वर फादरांच्याच पेननं काट मारली गेली. जेसा आनंदानं रडली. गालेगो सरांनी सही करताना चष्मा तीनदा पुसला.

एक गोष्ट राहिली. रोसाल्याचं निलंबन आणि त्या दिवसांचा पगार. ते वैयक्तिक प्रकरण आहे असं ठरलं. ते तिनं आणि फादरांनी आपसात मिटवावं.

*

फादरांनी तिला ऑफिसात बोलावलं. कॉफी आणवली. कारखान्याच्या धुराड्यांतून पहिला धूर निघायला लागला होता आणि खिडकीतून काकवीचा वास येत होता.

“झालं गेलं विसरू, बाई,” फादर म्हणाले. आवाज पहिल्यासारखा मऊ. “मला कुणाचं वाईट करायचं नाही. तुमच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे. हा एवढा कागद. यावर सही करा, की नोंदवहीतून निलंबन पुसून टाकतो आणि पगार याच महिन्यात जमा होईल.”

कागदावर एकच ओळ टाइप केलेली. माझ्या वर्तनाबद्दल मी दिलगीर आहे.

सगळ्यांनी तिला सही करायला सांगितलं होतं. जेसा म्हणाली होती, एका ओळीनं काय होतंय? गालेगो सर म्हणाले होते, आपण मोठी लढाई जिंकलो, लहान सोडून द्या. एलिसेओ म्हणाला होता, तुझं तू बघ. आणि डुकरिणीच्या रिकाम्या गोठ्याकडं बघत राहिला होता. त्या पगारात डुकराचं पिल्लू आलं असतं, म्हातारीचा चष्मा आला असता.

रोसाल्यानं ओळ दोनदा वाचली.

“कुठल्या वर्तनाबद्दल, फादर?”

“म्हणजे? जे झालं त्याबद्दल.”

“बरंच काही झालं. कशाबद्दल ते लिहिलेलं नाही. उद्या कुणी वाचलं तर त्याला वाटेल, बाईनं चोरी केली की काय.”

“बाई, तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे.”

“मग लिहा. तुमच्या हातानं. मी लघवीला गेले त्याबद्दल दिलगीर आहे. एवढं घाला, मी लगेच सही करते.”

फादरांनी तिच्याकडं बघितलं. ती थट्टा करत नव्हती. तिनं कागद त्यांच्याकडं सरकवला आणि हात मांडीवर घेऊन बसली, परीक्षेत पोरांसमोर बसते तशी. बाहेरच्या खोलीत प्युरिताच्या टाइपरायटरची टकटक बंद झाली होती.

फादरांनी पेन उचललं. टोपण काढलं. ‘मी’ लिहिलं. पेनचं टोक कागदाच्या वर तरंगत राहिलं. चार भाषा येणारा माणूस, पण एकीतूनही तो शब्द त्यांच्या हातातून उतरेना. कपाळावर घामाचं बारीक दव आलं.

“लिहा ना, फादर. साधा शब्द आहे. पाचवीतल्या पोराला येतो.”

फादरांनी टोपण लावलं.

“जा तुम्ही वर्गावर,” ते म्हणाले.

“आणि कागद?”

“राहू द्या.”

“पगार?”

“तो मग मिळणार नाही, बाई. माझा नाइलाज आहे.”

“बरं,” रोसाल्या म्हणाली. तिनं कॉफी पिऊन कप रिकामा केला, खुर्ची जागेवर सरकवली आणि निघाली. प्युरितानं तिच्याकडं बघून घाईघाईनं टाइप करायला घेतलं, कागद न घालताच.

घंटा झाली तेव्हा ती वर्गाच्या दारात होती. चर्चचे लांब बाक परत गेले होते. मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ वाट दिसत होती आणि वाटेच्या टोकाला नेस्टर वही उघडून बसला होता. पंचेचाळीस पोरं उठून उभी राहिली. एकमेकांना धक्का न लागता उभं राहायला सगळ्यांना जागा पुरली.